बाबा राहतात त्या बेटावरचे पदार्थ

कावासाकी, ९ जून

अंबरीष,

तुझा परवाचा फोटो मिळाला. फोनवर तुझा आवाज मध्येच बुडतो आणि व्हिडिओ तर लागतच नाही, म्हणून हे लिहून पाठवते. तूच म्हणालास ना, लिहिलेलं असलं की निवांत वाचता येतं.

कूकू हे नाव जुईला इतकं आवडलं की सकाळपासून तीच बडबड. मी तिला समजावलं की मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेली उकड असते ती, वर माशाचा रस्सा. ती म्हणाली, भेंडीची उकड? आणि तोंड वाकडं केलं. तो उडता मासा म्हणजे आपल्याकडचा तोबिउओच की. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये पंखांसकट बर्फात पडलेला असतो. इतक्या लांब बार्बाडोसला गेलास आणि खातोयस इथलाच मासा.

एक सांगू? जानेवारीत गेलास तेव्हा समुद्राचे फोटो पाठवायचास. बंदरातल्या क्रेन, तुझं उन्हाने सोललेलं नाक. हल्ली फक्त ताटल्या येतात, त्याही अगदी जवळून. कालच्या फोटोत ताटलीशेजारी गुंडाळलेला ओला रुमाल होता, इथे हॉटेलात बसल्या बसल्या देतात तसा. म्हटलं, जग एकच झालं की काय. पुढच्या वेळी खिडकीबाहेरचं काहीतरी काढ.

प्रोजेक्ट डिसेंबरपर्यंत लांबला हे मी अजून पुण्याला कळवलं नाहीये. नाना विचारत होते, अंबू गणपतीला येणार का. बंदराची संगणकयंत्रणा बसवायला किती महिने लागतात हे त्यांना कसं समजावणार? तूच फोन कर.

जुई गेल्या आठवड्यात शाळेच्या सहलीला योकोहामाला जाऊन आली. तेव्हापासून जरा गप्प आहे. ताप वगैरे नाही. काल तुझा फोन आला तेव्हा डोकं दुखतंय म्हणून खोलीत गेली, आणि तू ठेवल्यावर बाहेर येऊन टीव्ही लावून बसली. अकरा वर्षांची आहे, असंच असेल.

मैथिली

कावासाकी, २० जुलै

अंबरीष,

सुट्टी लागली आणि जुईच्या शाळेने नेहमीप्रमाणे गळ्यात सुट्टीचा प्रकल्प बांधला. विषय ज्याचा त्याने निवडायचा. मागच्या वर्षी तिने गोगलगायी पाळल्या होत्या, आठवतंय? या वर्षीचा विषय तिने स्वतः जपानीत लिहून माझ्यासमोर ठेवला: ‘माझे बाबा राहतात त्या बेटावर खाऊन पाहायलाच हवेत असे पारंपरिक पदार्थ.’

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मनात म्हटलं, तुझ्यावरचा राग गेला वाटतं. राग होता की काय हेही मला नीट कळलं नव्हतं.

तू फोनवर सांगितलेली नावं मी तिला उतरवून दिली. कूकू, खाऱ्या माशाचे वडे, मॅकरोनीची ती भाजलेली वडी, नीरफणस, झाडाच्या सालीचं कडू सरबत, आणि नोव्हेंबरात केळीच्या पानात उकडतात ती कॉन्की. कॉन्कीत मक्याचं पीठ, नारळ, लाल भोपळा हे ऐकून मला मालवणची मामी आठवली. पीठ वेगळं आणि पान वेगळं, नाहीतर श्रावणातल्या पातोळ्याच. नीरफणसाचे कापही मामी करायची. तुला कधी करून घातले नाहीत कारण इथे नीरफणस आणायचा कुठून.

काल आम्ही कूकू करून पाहिलं. पिठाच्या गुठळ्या झाल्या, भेंडीला तार सुटली, हात भरून आला. जुई शांतपणे बघत होती. मग म्हणाली, “बाबा हे रोज खातो, की फक्त फोटो काढतो?”

मी म्हटलं, “खातो ना. तिथे दुसरं काय मिळणार?”

तिला ते पटलेलं दिसेना, म्हणून मी फोन पुढे केला, “तूच त्याला विचार.” तिने हात मागे घेतला आणि जपानीत म्हणाली, “आत्ता तिकडे रात्र आहे.”

खरंच होती. तेरा तास वजा करण्यात ती माझ्यापेक्षा पटाईत झाली आहे.

आणखीही तिने काहीतरी शोधून काढलंय. पण तुला आत्ताच सांगायचं नाही असं बजावलंय, म्हणून लिहीत नाही.

मैथिली

कावासाकी, ८ ऑगस्ट

अंबरीष,

आज फार लिहीत नाही.

तिकडे वादळाचा इशारा आहे असं बातम्यांत होतं. तुझ्या हॉटेलाच्या खिडक्या नीट बंद होतात ना? रस्त्यावरचा उत्सव संपला का? सोमवारी फोनवर मागे ढोल ऐकू येत होते. तू म्हणाला होतास की मिरवणूक अगदी हॉटेलाखालून चालली आहे.

आज काय खाल्लंस ते कळव.

मैथिली

कावासाकी, १६ ऑगस्ट

अंबरीष,

हे हाताने लिहितेय. एस्मी-सानच्या हाती देणार आहे. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुला कळलेलं असेल की मला काय कळलं आहे.

आठ तारखेच्या पत्राला तू उत्तर दिलंस. वादळ उत्तरेकडे सरकलं, खिडक्या भक्कम आहेत, उत्सव संपला, रस्त्यावर मिरवणुकीतल्या पोशाखांची पिसं पडली आहेत. पिसं. ते वाचून मी कामावर, बेकरीच्या मागच्या खोलीत खाली बसले. तुला खोटं बोलताना पकडायचं म्हणून लिहिलं होतं आणि तू पकडला गेलास, तरी मनातून वाटत होतं की हा आता म्हणेल, मैथिली, मी इथेच आहे.

काय झालं ते सांगते. जुईने शोधलं होतं ते योकोहामातलं जेवणाचं छोटं हॉटेल. एस्मी-सान नावाच्या बार्बाडोसच्या बाईंचं, जिन्यावरून वर, एका लांब टेबलापुरतं. सात तारखेला, गुरुवारी, मी सुट्टी घेतली आणि आम्ही दोघी गेलो. बाई मायेने बोलल्या. जपानी त्यांची माझ्यापेक्षा चांगली. जुईने वही काढली, प्रश्न विचारले. कूकू घोटायची लाकडी फळी त्यांनी तिच्या हातात दिली. मग दोन ताटल्या आल्या. पांढऱ्या, हिरव्या काठाच्या. शेजारी गुंडाळलेले ओले रुमाल.

मला तेव्हाही काही कळलं नाही. ताटली ओळखीची वाटली, इतकंच. मी फुशारकी मारायला फोन काढला. म्हटलं, माझे मिस्टर तिथेच आहेत, तुमच्या गावी, हे बघा, तिथलं जेवण. त्यांनी चष्मा लावला आणि फोटो बघितला. मग पुढचा. मग आणखी एक.

“हे माझं टेबल आहे,” त्या म्हणाल्या. “हा माझा रस्सा. हे अंबी-साननी काढलेले फोटो.”

मी हसले. मला खरंच वाटलं की त्यांची काहीतरी गल्लत होतेय.

“रोज येतात ना,” त्या म्हणाल्या. “त्या कोपऱ्यात बसतात. आज गुरुवार, आज टोक्योला ऑफिसात जातात. तुम्ही ओळखता त्यांना?”

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की जुई खात होती. भेंडीची उकड, मुकाट्याने, चमच्या-चमच्याने. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आई, जेव ना. थंड होईल.” मराठीत म्हणाली. एरवी ती माझ्याशी जपानीत बोलते; मराठीत कधी, ते तुला माहीत आहे.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“सहलीला गेलो होतो तेव्हा. पार्कमध्ये. बाबा बाकावर बसून डबा खात होता.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तू बाबाला फोन करून विचारलं असतंस. तो नाही म्हणाला असता. मग तुला तेच खरं वाटलं असतं.”

अंबरीष, ती अकरा वर्षांची आहे. जून गेला, जुलै गेला. तुझे फोन येत होते आणि मी तिला म्हणत होते, बोल गं बाबाशी, किती लांबून करतो. ती ते ऐकत होती. मग तिने शाळेचा विषय शोधला, बेटावरचं जेवण योकोहामात कुठे मिळतं तो पत्ता शोधला आणि मला हाताला धरून तिथे नेलं, माझं मलाच दिसावं म्हणून. हाक का नाही मारलीस, असंही मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

या आठवड्यात मी कशी जगते आहे ते सांगता येत नाही. ब्रेडचे ट्रे लावते, लोकांचे वाकून आभार मानते, सुट्टे पैसे देते. परवा दुपारी घड्याळाकडे बघितलं आणि मनात आलं, तिकडे मध्यरात्र असेल, झोपला असेल. मग आठवलं. अंगाला अजून बातमी पोचलेली नाही.

मला सर्वांत जास्त कशाचा धक्का बसला ते सांगू? जेवणाचे फोटो तू कधी अवेळी पाठवले नाहीस. दुपारच्या जेवणाचा फोटो कायम तिकडच्या दुपारीच यायचा. म्हणजे इथे रात्रभर जागायचास, तिथली दुपार होईपर्यंत, आणि मग पाठवायचास. आणि ते ढोल. ते कुठून आणलेस? लॅपटॉपवर लावून फोन शेजारी धरला होतास का? मी कल्पना करायला जाते आणि माझं डोकं थांबतं. एवढी मेहनत माझ्यासाठी कुणी कधी केली नव्हती.

एस्मी-सानना मी सरळ विचारलं, बरोबर कुणी बाई असते का. त्या म्हणाल्या, कधीच नाही, एकटेच येतात, आणि फार कमी खातात. दुसरी कुणी असती तर निदान मला काय करायचं ते कळलं असतं.

काल पुण्याहून नानांचा फोन आला. अंबू कसा आहे? मी म्हटलं, मजेत, तिकडे उत्सव होता. माझ्या तोंडून हे इतकं सहज निघालं की फोन ठेवल्यावर मीच घाबरले. हे मी पुन्हा करणार नाही. पुढच्या रविवारी त्यांना तू सांगायचं, नाहीतर मी सांगेन.

नोकरी आहे ना? आजारी आहेस का? एवढ्या दोन गोष्टींचं उत्तर लगेच दे. बाकीचं तुला जमेल तसं. घरी मात्र न कळवता येऊ नकोस.

मैथिली

कावासाकी, ३१ ऑगस्ट

अंबरीष,

तुझं पत्र मिळालं. नोकरी आहे, आजार नाही, बरं झालं. नानांना तू सांगितलंस तेही कळलं. ते माझ्याशी बोलताना म्हणाले, “सूनबाई, मला त्यातलं काही समजलं नाही. तुला समजलं का?” मी नाही म्हटलं.

तुझं पत्र अनेकदा वाचलं. त्यातला एकच भाग मला पटला. एप्रिलात प्रोजेक्ट संपला, तू विमानतळावरून गाडीत बसलास, सामान पायाशी, आम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कळवलं नव्हतंस. कावासाकी स्टेशन आलं, डब्याचं दार उघडलं, आणि तुला उठता आलं नाही. दार लागलं. तू लिहितोस, ‘दुसऱ्या दिवशी जाऊ असं ठरवलं, पण दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं कारण द्यावं लागलं असतं.’ तसं करत करत चार महिने. योकोहामात भाड्याची खोली, घरून काम, आणि आम्हाला दाखवायला बेटावरचं जेवण. ते हॉटेल सापडलं म्हणून खोटं सोपं झालं, की तिथली आठवण येत होती म्हणून तू ते शोधलंस, ते तुला स्वतःलाच आता सांगता येत नाही, असं लिहिलं आहेस.

आणि का, तर बेटावर तू कुणाचा कुणी नव्हतास. कुणी काही मागत नव्हतं. समुद्रावर बसायचं, वडा खायचा, झोपायचं.

हे वाचून मला वाईट वाटलं. मग राग आला. मलाही कितीदा वाटलं आहे की आज उतरूच नये. हातात पिशव्या, घरी जाऊन स्वयंपाक, जुईची शाळेची जपानी पत्रकं जी मला अर्धी कळतात, कुठला कचरा कुठल्या वारी ते शेजारच्या आजींकडून ऐकून घ्यायचं. वाटलं आहे. पण उतरले. तुला उठता आलं नाही याची मला दया येते. तू उठला नाहीस म्हणून मी दोघांच्या वाटचं उठत राहिले, हे मात्र तुझ्या पत्रात कुठे नाही.

तू जुईची माफी मागितली आहेस, पण मला लिहिलेल्या पत्रात. ती मी तिला वाचून दाखवली नाही. तुमचं तुम्ही बघा.

तिचा प्रकल्प उद्या द्यायचा आहे. काल तिने चिकटवलेल्या कागदावरचं नाव खोडलं आणि नवं लिहिलं: ‘योकोहामात मिळणारे बार्बाडोसचे पदार्थ.’ चित्रं सुंदर काढली आहेत. नीरफणस तर अगदी मालवणचा वाटतो. त्या कडू सरबताखाली तिने लिहिलं आहे, ‘पहिला घोट नकोसा वाटतो. दुसऱ्याबद्दल लोकांचं मत वेगवेगळं आहे.’

तुला यायचं आहे असं तू लिहितोस. ये. येत्या शनिवारी, दुपारी. मी तिला सांगितलं आहे की बाबा येणार. ती “हं” म्हणाली. दार ती उघडेल की नाही मला माहीत नाही, आणि तिच्यासाठी मी ते उघडणार नाही.

मैथिली

कावासाकी, ७ सप्टेंबर

अंबरीष,

काल तू बाहेर उभा होतास. तुला साखळीच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढंच दिसलं. आतलं तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

बेल वाजली तेव्हा मी तांदूळ धूत होते. जुई सकाळपासून दाराजवळच्या पायरीवर बसली होती, पुस्तक घेऊन. पान उलटत नव्हती. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. मी मागे स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी राहिले, हात ओले. मला तुझा फक्त खांदा दिसत होता. तू बारीक झाला आहेस.

तू “जुई” म्हणालास. मग तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं, नीट जुळवून आणलेलं वाक्य, बहुतेक पाठ केलेलं:

“पार्कमध्ये मी हात केला, तेव्हा तू मला बघितलं होतंस का?”

अंबरीष, मला हे माहीत नव्हतं. तिने हात केला होता हे तिने मला सांगितलंच नव्हतं. ती तुला ओळखून गप्प राहिली असं मी धरून चालले होते. शाळेची मुलं भोवती, तिने तिचा बाप बघितला, बेटावर असलेला बाप, आणि आनंदाने हात वर केला. आणि तू तोंड फिरवलंस. हे घेऊन ती घरी आली होती. ज्याला मी डोकेदुखी समजत होते ते हे होतं.

तू उत्तर देईपर्यंत मला मनातून वाटत होतं, नाही म्हण. ऊन डोळ्यांवर होतं म्हण, चष्मा नव्हता म्हण, काहीही म्हण, पोरीला एवढं तरी दे. मी तुझ्या खोटेपणावर महिनाभर जळले, आणि त्या क्षणी तू खोटं बोलावंस म्हणून देवाला विनवत होते.

तू “हो” म्हणालास. “बघितलं होतं. ओळखलं होतं. आणि मी तोंड फिरवलं.”

तिने दार लावलं. तुला वाटलं असेल, संपलं. मलाही वाटलं. ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मी पुढे गेले तर तिने मागे हात करून मला थांबवलं. मग साखळी काढली. काढताना दोनदा हातातून सुटली.

पुढचं तुला माहीत आहे. तू दाराच्या पायरीवर बसूनच राहिलास, आत आला नाहीस, आणि ती तुझ्या शेजारी बसली, मध्ये एक जोड बूट मावेल इतकं अंतर ठेवून. चहाही नको म्हणालास. मीही आग्रह केला नाही.

तू गेल्यावर ती जेवायला बसली आणि म्हणाली, “खरं बोलला.”

“नाही म्हणाला असता तर?”

“मग मी साखळी काढलीच नसती,” ती म्हणाली. “मला माहीत होतं त्याने बघितलं. आमची नजर एक झाली होती. मला फक्त तो काय सांगतो ते बघायचं होतं.”

एवढं बोलून तिने आणखी भात घेतला. आपल्या घरात ही मुलगी कधी एवढी मोठी झाली, हे तुला दिसलं नाही म्हणून मी तुला बोल लावते, पण मी तर रोज समोर होते. मलाही दिसलं नाही.

माझं विचारशील तर मी काही ठरवलेलं नाही. तुझ्यावर विश्वास नाही, हे आहे. तुझ्याशिवाय घर चालतं, हेही मला आता माहीत आहे, आणि ते तूच मला शिकवलंस. राहायला ये असं मी म्हणत नाही. योकोहामाची खोली सोडू नकोस. येत्या शनिवारी मी बेकरीत असेन, संध्याकाळी येईन. तेव्हा तू असलास तर जेव. त्या दिवसानंतरचं मी आत्ता बोलू शकत नाही.

त्या शनिवारी तू यावंस असं जुई म्हणते. तिने एक अट घातली आहे. ती घरी थांबणार नाही, स्टेशनवर येणार. मी म्हटलं, त्याला रस्ता माहीत आहे. ती म्हणाली, “रस्ता माहीत असतो गं. उठायचं कळत नाही.” फलाटावर ती पहिल्या डब्याच्या दाराशी उभी राहील आणि हात करेल.

गाडी कावासाकीला फार वेळ थांबत नाही. आधीच्या स्टेशनपासून उठून दाराशी उभा राहा.

मैथिली